घरी बाळंत व्हायचंय? मग आधी घर सोडायची तयारी कर

प्रश्न असा आहे: "ताई, दुसऱ्यांदा दिवस गेलेत, चौतिसावा आठवडा चालू आहे. पहिलं बाळंतपण हॉस्पिटलात झालं, नैसर्गिकच झालं, पण रात्रभर एकटी पडून होते. कुशीवर वळले तरी तिथली माणसं ओरडायची. या वेळी घरीच बाळंत व्हावं असं फार वाटतंय. नवरा तयार आहे, सासूबाई घाबरल्यात. तयारी काय करू? आणि खरंच कसं असतं ते?"

तुला अगं-तुगंच करते. इतकी वर्षं सुईणीचं काम केलं, पण कळा देणाऱ्या बाईला मी कधी अहो-जाहो केलं नाही. आता लिहितानाही ते जमायचं नाही.

"रात्रभर एकटी पडून होते" हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. घरी बाळंत व्हायचंय म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींच्या मनात असंच एखादं वाक्य रुतलेलं असतं. म्हणून आधी मीच तुला विचारते: तुला घर हवंय की सोबत हवीय? सोबत, हिंडाफिरायची मोकळीक, मंद उजेड, आपल्याशी नीट बोलणारं माणूस, हे सगळं चांगल्या हॉस्पिटलातही मिळू शकतं आणि मिळायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की कळांच्या काळात बाईच्या पसंतीचं माणूस तिच्यासोबत असावं, तिला हालचाल करू द्यावी, तिला हवं त्या स्थितीत बाळंत होऊ द्यावं. तेव्हा असं वागवणारं हॉस्पिटल जवळ असेल तर ते आधी बघून ये. बघून आल्यावरही घरच हवंसं वाटलं, तर पुढचं सगळं तुझ्यासाठी आहे.

कोण घरी बाळंत होऊ शकते, या बाबतीत मी घासाघीस करत नाही. पोटात एकच बाळ हवं, त्याचं डोकं खाली हवं, ३७ आठवडे पुरे झालेले हवेत आणि ४२ उलटलेले नसावेत. आधीचं सिझर नको. रक्तदाब, साखर ठीक हवी. सोनोग्राफीत वार पिशवीच्या तोंडापासून दूर असल्याचं दिसलेलं हवं. मागच्या खेपेला खूप रक्त गेलं असेल किंवा वार हात घालून काढावी लागली असेल, तर या वेळी हॉस्पिटलच. पायाळू किंवा आडवं बाळ, जुळं, झटके येण्याचा इतिहास, हृदयाचा आजार, इथेही उत्तर नाही असंच आहे. तू पहिल्या बाळंतपणाचे कागद काढून बघ. 'नैसर्गिक झालं' एवढं तुला आठवतंय, पण रक्त किती गेलं, वार कशी पडली, बाळाचे खांदे अडकले होते का, हे कागदावरच सापडेल.

हिमोग्लोबिनबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण याच गोष्टीकडे सर्वांत जास्त काणाडोळा होतो. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जात असतं. बाळ झालं आणि वार सुटली की तिच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांना दाबून बंद करतात ते गर्भाशयाचेच स्नायू. ते आडवेतिडवे विणलेले असतात आणि आवळले की एकेका रक्तवाहिनीला गाठ मारल्यासारखे बसतात. ते आवळले नाहीत तर काही मिनिटांत केवढं रक्त जाऊ शकतं याचा हिशेब तूच कर. अंगात भरपूर रक्त असलेली बाई अर्धा-पाऊण लिटर रक्तस्राव सहसा सोसते. ८-९ हिमोग्लोबिनवाल्या बाईला तेवढंच जाणं महागात पडतं. गरोदरपणात ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. तुझं आज किती आहे? कमी असेल तर हाताशी पाच-सहा आठवडे आहेत. गोळ्यांनी भागत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. डॉक्टरांशी याच आठवड्यात बोल, नवव्या महिन्यात नको.

आता आकडे सांगते. त्याआधी निर्णय घ्यायला मी कुणाला सांगत नाही. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या ६४ हजारांहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना कळा चालू असताना किंवा बाळंत झाल्या झाल्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. आधी एक तरी बाळंतपण झालेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. बाळ दगावणं किंवा त्याला गंभीर इजा होणं, असे सगळे प्रकार एकत्र मोजले तेव्हा पहिलटकरणींमध्ये घरी ठरवलेल्या बाळंतपणांत हजारी ९.३ निघाले आणि हॉस्पिटलात ५.३. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांमध्ये घर आणि हॉस्पिटल यांत असा फरक आढळला नाही, आणि घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्यांची सिझर कमी झाली. पहिलटकरीण विचारते तेव्हा माझा कल हॉस्पिटलाकडे किंवा त्याला लागून असलेल्या सुईणींच्या प्रसूतिगृहाकडे असतो, तो यामुळेच. तू दुसरटकरीण आहेस, तुझं पारडं वेगळं आहे.

पण हे आकडे वाचताना एक अट विसरू नकोस. त्या बायकांच्या घरी शिकलेल्या सुईणी होत्या, औषधं होती, फोन केला की अँब्युलन्स येत होती, आणि हॉस्पिटल त्यांना दारातच दटावत नव्हतं. यातलं काहीच नसताना घरी राहिलं तर ते आकडे आपल्याला लागू होत नाहीत. शिकलेल्या माणसाशिवाय घरी बाळंत होण्याला मी बाळंतपणाचं नियोजन म्हणणार नाही, आणि कुणी त्याला धाडस म्हणालं तर तू ऐकू नकोस.

१२ टक्के म्हणजे आठ जणींमागे एक. त्या आठांतली ती एक मी असेन, असं धरून तयारी कर. माझ्या सगळ्या अनुभवाचं सार हेच आहे. ज्या घरात बाहेर पडायची तयारी पक्की असते तिथे बाई निवांत कळा देते. जिथे 'काहीही झालं तरी घरीच' असा हट्ट असतो तिथे मी स्वतःच निवांत नसते, आणि माझी अस्वस्थता बाईला खोलीत शिरल्या शिरल्या कळते.

म्हणून पहिलं काम: हॉस्पिटलात नाव घाल. तिथल्या डॉक्टरांना सांग की घरी बाळंत व्हायचा विचार आहे, गरज पडली तर तुमच्याकडे येईन. काही जण रागावतील. रागावले तरी तुझ्या नावाची फाइल, रक्तगट, तपासण्या तिथे असू देत. दुसरं काम: रात्री दोन वाजता आणि भर गर्दीच्या वेळी, असं दोनदा घरापासून हॉस्पिटलाच्या दारापर्यंत गाडीने जाऊन मिनिटं मोजा. मी स्वतःपुरती वीस मिनिटांची रेघ आखून घेतली आहे. त्यापलीकडच्या घरांना मी नाही म्हणते, कितीही गळ घातली तरी. आपण पोहोचल्यावरही तातडीच्या सिझरसाठी भूलतज्ज्ञ येणं, खोली तयार होणं यात अर्धा तास जाऊ शकतो, आणि तो या वीस मिनिटांच्या वरचा असतो.

जिना मोजायला विसरू नका. एकदा वरच्या मजल्यावरच्या घरातून बाईला खाली आणायचं होतं आणि वळणावर स्ट्रेचर वळेना. शेवटी खुर्चीवर बसवून चौघांनी उतरवलं. बाई सुखरूप राहिली, पण ती चार-पाच मिनिटं मला आजही आठवतात. तेव्हापासून घर बघायला जाते तेव्हा मी आधी जिना आणि लिफ्ट बघते, मग खोली. फाटकाची किल्ली कुणाकडे असते, रात्री ते कोण उघडतं, गाडीपुढे दुसरी गाडी लागलेली असते का, हेही विचारते.

आणि फोन कोण करणार, हे नाव घेऊन ठरवा. 'कुणीतरी करेल' म्हटलं की कुणीच करत नाही. हे काम सासूबाईंना दे, मी मनापासून सांगते. त्या घाबरल्यात म्हणजे त्यांचं लक्ष आहे. घाबरलेल्या माणसाला कोपऱ्यात बसवलं तर त्याची भीती खोलीभर पसरते. हातात नेमकं काम दिलं की तेच माणूस सगळ्यांत भरवशाचं ठरतं. नंबर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा, पत्ता सांगताना कोणती खूण सांगायची तेही त्याखाली लिहा.

सुईण निवडताना लाजू नकोस, परीक्षा घे. शिक्षण कुठे झालं, नोंदणी आहे का, दरवर्षी किती बाळंतपणं करते, शेवटचं कोणत्या बाईला हॉस्पिटलात हलवलं आणि का? 'मला कधी हलवावंच लागलं नाही' असं जी म्हणेल तिच्याकडे मी माझी मुलगी पाठवणार नाही. बाळ जन्मताना दोन शिकलेली माणसं हवीत, एक आईकडे बघायला आणि एक बाळाकडे. पिशवी उघडून दाखवायला सांग. बाळाचे ठोके ऐकायचा डॉपलर, रक्तदाबाचं यंत्र, बाळाला श्वास द्यायची नवजाताच्या मापाची बॅग आणि मास्क, निर्जंतुक कात्री आणि चिमटे, सलाईन, लघवीची नळी, टाक्यांचं सामान, रक्तस्राव थांबवायची औषधं. त्यातलं ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भाशय आवळायला लावणारं, इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, नाहीतर त्याचा जोर ओसरतो. ती ते कशात घालून आणते, हा एक प्रश्न विचारलास तरी माणूस कळेल.

याच ऑक्सिटोसिनबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती जपून ठेव. बाळ झाल्यावर ते इंजेक्शन आईचा जीव वाचवतं. बाळ पोटात असताना 'कळा वाढवायला' म्हणून घरी कुणी ते टोचायला निघालं, तर त्या माणसाला तिथेच थांबव. तेव्हा कळांवर कुणाचाच ताबा राहत नाही, बाळाचा प्राणवायू तुटू शकतो, गर्भाशय फाटूही शकतं. घरी कळा आपल्या वेगाने येतात. वेग पुरत नसेल तर तो वाढवायची जागा हॉस्पिटल आहे.

घरातल्या सामानावर बायका सर्वांत जास्त वेळ घालवतात आणि खरं तर ते सगळ्यांत सोपं आहे. गादीवर घालायला प्लास्टिक, त्यावर धुतलेल्या जुन्या चादरी, सात-आठ टॉवेल, मोठे पॅड, दोन बादल्या, जाड कचरापिशव्या, चांगला टॉर्च आणि त्याचे जास्तीचे सेल. बाळासाठी टोपी आणि मऊ कपडे. खोली उबदार हवी, निदान २५ अंश, आणि बाळ यायच्या वेळी पंखा बंद. ओलं बाळ किती झपाट्याने गार पडतं हे बघितल्याशिवाय पटत नाही. हात धुवायला साबण आणि वाहतं पाणी खोलीजवळ असावं. हॉस्पिटलची बॅग भरून दाराशी ठेवा, फाइल सगळ्यांत वर. मोठ्या मुलासाठी फक्त त्याच्याकडेच बघणारं एक माणूस ठरवा. ते माणूस तुझ्या सोबतीला धरायचं नाही.

पाण्याच्या टबात बसायचं असेल तर पाणी ३७.५ अंशांच्या वर जाता कामा नये. थर्मामीटरने मोजायचं, कोपर बुडवून अंदाज घ्यायचा नाही.

आता तू विचारलंस, खरंच कसं असतं.

दुसऱ्या खेपेला बहुतेकदा आधी दोन-चार रात्री कळा येतात आणि सकाळी विरून जातात. तू नवऱ्याला उठवशील, सुईणीला फोन करशील, आणि मग ओशाळशील. ओशाळू नकोस, आम्हाला सवय आहे. खऱ्या कळा पडून राहिलं, अंघोळ केली, पाणी प्यायलं तरी थांबत नाहीत. त्या लांबत जातात, जवळ येत जातात आणि पाठीतून पुढे येतात. पहिलटकरणीला आम्ही सांगतो, पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की कळव. तुला तसं सांगणार नाही. कळ आली की बोलणं थांबवावं लागतंय एवढं झालं की लगेच कळव, मग त्या सात मिनिटांनी येत असल्या तरी चालेल. दुसऱ्या वेळचं शरीर वाट ओळखतं. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत तासन् तास जातात आणि पुढचं सगळं कधी कधी तासाभरात उरकतं.

सुरुवातीचा वेळ साध्या गोष्टींत घालव. झोप येत असेल तर झोप. हलकं खा, पाणी पी, दर दोन तासांनी लघवीला जा. भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या डोक्याला अडवते, आणि नंतर गर्भाशयालाही आवळू देत नाही. दिवे मंद ठेवा. खोलीत माणसं कमी. नातलगांना आत्ता कळवू नका, दर दहा मिनिटांनी 'झालं का' विचारणारा फोन कळा थांबवू शकतो. हे मी सहज म्हणत नाही. भीती आणि संकोच वाटला की अंगात ॲड्रेनलिन वाढतं आणि ते अंगातच तयार होणाऱ्या, कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या वाटेत येतं. चांगल्या चाललेल्या कळा अनोळखी माणूस आत येताच विरळ झालेल्या मी खूपदा पाहिल्या आहेत. ते माणूस बाहेर गेलं की त्या पुन्हा लागतात.

मी आल्यावर काय करते? फारसं काही नाही, असं बघणाऱ्याला वाटतं. पोट चाचपून बाळ कसं आहे बघते, रक्तदाब, ताप, नाडी घेते. मग दर १५ ते ३० मिनिटांनी कळ ओसरताच मिनिटभर बाळाचे ठोके ऐकते. तू जोर करू लागलीस की दर पाच मिनिटांनी. ठोके मिनिटाला ११० ते १६० मध्ये हवेत. तोंड किती उघडलं ते सारखं सारखं तपासत नाही. बाईचा आवाज, श्वास, बसण्याची ढब यांवरून पुष्कळ कळतं. बाकी वेळ मी कोपऱ्यात बसून असते. शिकाऊ मुलींना हे बसणंच सर्वांत जड जातं.

तू कशी बसशील, उभी राहशील हे आधी ठरवू नकोस. कुणी नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून लोंबकळतं, कुणी खुर्चीला टेकून गुडघ्यांवर, कुणी चार पायांवर, कुणी कुशीवर. कुशीवर वळलेल्या बाईला माझ्या खोलीत कुणी ओरडत नाही.

मग एक टप्पा येतो, ज्याची आठवण पहिल्या बाळंतपणातून तुला असेल. बाई म्हणते, "बास, मला नाही जमत, मला घेऊन चला." अंग थरथरतं, मळमळतं, काही जणी रडतात, काही चिडतात. हे बहुतेकदा तोंड पुरतं उघडत आल्याचं लक्षण असतं. इथे मला दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात: हा तो टप्पा आहे, की बाईला खरोखर जायचंय? म्हणून मी आधीच एक शब्द ठरवून घेते. एरवी कधी तोंडात येणार नाही असा कुठलाही शब्द. तो शब्द तू उच्चारलास की मी समजूत काढत बसणार नाही, गाडी काढायला सांगेन. दुखणं सहन होत नाही, एवढंच कारण पुरेसं आहे. पाठीत घ्यायचं भुलीचं इंजेक्शन घरी देता येत नाही, आणि ते हवं असणं हा कुणाचा पराभव नाही.

एका मुलीला मी असंच घेऊन गेले होते. पहिलटकरीण, बाळाची पाठ आईच्या पाठीकडे, चौदा-पंधरा तास कळा, डोकं खाली सरकेना. बाळाचे ठोके उत्तम होते, घाई नव्हती, पण ती संपून गेली होती. हॉस्पिटलात तिला भूल दिली, दोन तास झोपली, कळांना औषधाने जोर दिला आणि पहाटे ती आपल्या ताकदीने बाळंत झाली. सहा महिन्यांनी ती म्हणाली, "तुम्ही 'आता जाऊया' म्हणालात तेव्हा वाटलं मी नापास झाले." मला ते लागलं. तिला नऊ महिन्यांत मी वस्तूंची यादी दिली होती, जिना मोजला होता, पण ही शक्यता तिच्या मनात नीट उतरवली नव्हती. ती चूक माझी. म्हणूनच तुला पुन्हा पुन्हा सांगतेय.

काही गोष्टी दिसल्या तर चर्चा नाही, निघायचं. पाणी गेलं आणि ते हिरवट, घट्ट आहे. लाल रक्त वाहतंय (चिकट, रक्ताची रेघ असलेला स्राव वेगळा, तो चांगला). ठोके कमी होऊन परत वर येत नाहीत. ताप ३८ अंशांवर, रक्तदाब १४० वर ९० किंवा जास्त, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. तास उलटले तरी काही पुढे सरकत नाही. आणि पाणी गेल्यावर नाळ बाहेर दिसली किंवा हाताला लागली, तर लगेच गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून कमरेचा भाग उंच कर, नाळेला हात लावू नकोस, आणि अँब्युलन्स येईपर्यंत तशीच राहा. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर विचारायला वेळ नसतो. म्हणून नवऱ्यालाही हे आत्ताच वाचून दाखव.

सगळं सुरळीत असेल तर पुढचं शरीर स्वतःच करतं. जोर करावासा वाटतो तो खोकला, ओकारी आवरत नाही तसा. मी "कळ दे, कळ दे" असं ओरडत नाही. डोकं दिसू लागलं की योनीमुखाशी गोल आग लागल्यासारखी जळजळ होते, तेव्हा जोर थांबवून कुत्र्यासारखी धाप टाकायची, म्हणजे कातडी हळूहळू ताणते आणि कमी फाटते. डोकं आलं की एक विराम असतो. खोलीत कुणी बोलत नाही. डोकं बाहेर, अंग आत, आणि पुढची कळ यायची आहे. मग खांदे वळतात आणि बाळ घसरून येतं, गरम, ओलं, जड.

ते थेट तुझ्या छातीवर. टॉवेलने पाठ, डोकं खसाखसा पुसायचं, ओला टॉवेल काढून कोरडा घालायचा. बहुतेक बाळं एवढ्यावर रडतात किंवा नीट श्वास घेऊ लागतात. काहींना पाठ चोळून, श्वासाची वाट मोकळी करून मदत लागते, आणि थोड्यांना बॅग-मास्कने श्वास द्यावा लागतो. तो पहिल्या मिनिटातच सुरू करायचा असतो. दुसरं शिकलेलं माणूस हवं म्हणाले, ते याच मिनिटासाठी. नाळ निदान एक मिनिट कापायची नाही. मी तर तिचे ठोके थांबेपर्यंत थांबते, तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त बाळाकडे जातं.

घरातल्यांना वाटतं, संपलं. माझं खरं काम इथे सुरू होतं. बाळ बघायला सगळे गोळा होतात आणि आईकडे पाठ होते, नेमक्या त्या वेळी मला खोलीत एक डोळा फक्त तिच्यावर हवा असतो. मी मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन देते, 'सगळं नैसर्गिक हवं' म्हणणाऱ्यांनाही त्याचं कारण पुन्हा समजावते आणि मग त्यांचं ऐकते. वार पडली की ती पसरून, उजेडात, तुकडा राहिला नाही ना ते तपासते. इंजेक्शन देऊन अर्ध्या तासात, किंवा न देता तासाभरात वार आली नाही, तर हॉस्पिटल. नाळ ओढायची नाही. पुढचे दोन तास दर १५ मिनिटांनी बेंबीपाशी हात ठेवून गर्भाशय चेंडूसारखं घट्ट आहे का बघते, रक्त किती जातंय बघते. पॅड वजन करते, कारण डोळ्यांना रक्त नेहमी कमीच दिसतं.

एकदा अशाच एका छान बाळंतपणात वार पडल्यावर दहा मिनिटांनी हाताखाली गर्भाशय मऊ लागलं. चादर भिजत होती, बाई हसत बाळाकडे बघत होती. मी चोळायला सुरुवात केली, सोबतच्या सुईणीने दुसरं इंजेक्शन दिलं, लघवी काढली, सलाईन आणि रक्तस्राव थांबवायचं औषध, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, लावलं, आणि त्याच क्षणी बाहेरच्या खोलीत सासऱ्यांनी फोन लावला होता. अँब्युलन्स दाराशी आली तेव्हा रक्त थांबलं होतं. तरीही आम्ही गेलो. अर्धा लिटरच्या वर रक्त गेलं की थांबलं म्हणून घरी राहायचं नाही, हा माझा नियम आहे.

सुईण पोहोचण्याआधीच बाळ आलं तर? दुसऱ्या खेपेला हे होऊ शकतं. ओढायचं नाही, फक्त हात खाली धरायचे. पुसायचं, छातीवर घ्यायचं, दोघांना मिळून पांघरायचं. नाळ कापायची नाही, घरातली कात्री तर मुळीच लावायची नाही. वार आली तर बाळाच्या शेजारी ठेवायची. फोन चालू ठेवायचा.

पहिल्या तासात बाळ स्वतःच शोधत छातीशी येतं. चिकाचं दूध थेंबभरच दिसतं आणि तेवढं त्याला पुरतं. व्हिटॅमिन के चं १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्यायचं, नाळेला काहीही लावायचं नाही, अंघोळ निदान २४ तास नाही. निघण्याआधी मी बाळाचं वजन, ताप, श्वास, टाळू, टाळा, सगळं बघते, तुला लघवीला उठवून बघते, आणि मग दुसऱ्या दिवशी येते. मधल्या वेळेत तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, तुला चक्कर येत असेल, बाळ निळसर पडलं, कण्हतंय, दूध ओढत नाही किंवा पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं, तर माझी वाट बघू नका. थेट निघा. जन्माची नोंदणी करायला लागणारा कागद मी त्याच दिवशी लिहून देते, तो फाइलमध्ये ठेव.

३६ व्या आठवड्यात बाळाचं डोकं खाली आहे का ते पक्कं करून घे. त्यानंतर सुईणीला एकदा संध्याकाळी घरी बोलाव आणि सगळे एकत्र बसा. सासूबाईंना त्यांचे सगळे प्रश्न तुझ्यासमोर विचारू दे, अगदी 'आणि काही वाईट झालं तर?' हाही. सुईण त्यावर काय उत्तर देते ते तू कान देऊन ऐक. तिने तो प्रश्न हसण्यावारी नेला, तर दुसरी सुईण शोध.